चूक झाली तर भरपाई कोणाच्या खिशातून? डॉक्टरांच्या विम्याची महाराष्ट्रातली गोष्ट

मंडळी, आपल्या जिल्ह्यात विमा म्हटलं की पहिला आठवतो तो पीकविमा. २०२३ च्या खरिपात तो एक रुपयात मिळायला लागला, २०२५ मध्ये ती सोय बंद झाली, आणि लोणारपासून संग्रामपूरपर्यंत प्रत्येक पारावर त्यावर बोलून झालं. दुसरा आठवतो तो एलआयसीचा, तिसरा गाडीचा. चौथा एक विमा आहे, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात त्याची पॉलिसी पडलेली असते, किंवा नसते. पेशंटला ते माहीत नसतं, आणि बऱ्याच वेळा डॉक्टरलाही तिच्यात नेमकं काय लिहिलंय ते सांगता येत नाही.

त्याला 'प्रोफेशनल इन्डेम्निटी' म्हणतात. सरकारी मराठीत व्यावसायिक दायित्व विमा. साध्या भाषेत सांगायचं तर, जो माणूस आपल्या शिक्षणाच्या, कौशल्याच्या जोरावर सेवा देतो आणि तिचे पैसे घेतो, त्याच्या हातून कामात हयगय झाली आणि समोरच्याचं नुकसान झालं, तर त्या भरपाईची रक्कम आणि कोर्टाचा खर्च उचलणारा विमा. डॉक्टर, सीए, कर सल्लागार, इंजिनिअर, आर्किटेक्ट, पॅथॉलॉजी लॅब, वकील, सगळे यात येतात. पण आपल्याकडे या विम्याचा इतिहास मुख्यतः डॉक्टरांच्या खटल्यांमधून घडला, म्हणून मीही त्याच वाटेने जातो.

बातमीदारीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दवाखान्यात पेशंट दगावतो, गर्दी जमते, काचा फुटतात, पोलीस येतात, रात्री कोणीतरी वजनदार माणूस मध्यस्थी करतो, आकडा ठरतो, सकाळी अंत्यसंस्कार होतो. बातमी तिथे संपते. त्या आकड्याला ना नियम, ना पावती, ना अपील. ज्याच्यामागे माणसं जास्त त्याचा आकडा मोठा. ज्याच्यामागे कोणी नाही तो मुकाट्याने मृतदेह घेऊन गावी जातो. हे असं का चालतं याचा विचार करताना मी जुने निकाल वाचायला घेतले. त्यातले तीन आपल्या राज्यातले आहेत आणि चौथ्याचा शेवट मुंबईत झालाय.

पहिला १९५३ चा. मे महिना, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत गाव. साधारण वीस वर्षांचा एक मुलगा समुद्राच्या वाळूत पडला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. किनारा घरापासून दीड मैल. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंतच बराच वेळ गेला. गावातल्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधून आधार दिला. पुढे गाडीची सोय करून त्याला जवळजवळ दोनशे मैलांवर पुण्याला नेलं. पुण्यातल्या एका नामवंत सर्जनच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि तिथेच तो गेला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस करणारे. त्यांचं म्हणणं असं की भूल न देता, जास्त जोर लावून हाड ओढून बसवलं, त्या धक्क्याने पोरगा गेला. सर्जनचं म्हणणं, मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला.

हा दावा खालच्या कोर्टातून हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेला. २ मे १९६८ ला निकाल आला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. डॉक्टरवर तीन जबाबदाऱ्या असतात असं कोर्टाने सांगितलं: केस हातात घ्यायची की नाही ते काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यायचा ते काळजीपूर्वक ठरवणं, आणि तो उपचार काळजीपूर्वक देणं. दावा वडील जिंकले. भरपाई किती? ३,००० रुपये.

पंधरा वर्षं आणि तीन हजार. बाप स्वतः डॉक्टर होता, शिकलेला होता, वैद्यकीय भाषा त्याला कळत होती, म्हणून लढला. त्याच्या जागी मोताळ्याचा एखादा शेतमजूर असता तर? त्या काळात डॉक्टरला विम्याची गरज वाटत नसेल तर त्यात नवल नाही, कारण त्याच्यावर दावा लावणारच कोणी नव्हतं.

दुसरा खटला आपल्या शेजारचा. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडची माणसं आजही मोठ्या दुखण्याला तिकडेच जातात. जुलै १९६३. तिथल्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. बाळंतपण नीट झालं. तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप, पोटदुखी. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत कापड राहिलेलं सापडलं. २४ जुलैला ती गेली.

नवऱ्याने सरकार आणि डॉक्टरांवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले. हायकोर्टाने तो निकाल फिरवला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २० फेब्रुवारी १९९६ ला खालच्या कोर्टाचा निकाल पुन्हा कायम झाला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन. बाई गेली १९६३ ला, निकाल १९९६ ला. तेहेतीस वर्षं. जे मूल तेव्हा जन्मलं ते तोवर स्वतः तिशी ओलांडून गेलं असणार.

या निकालातली एक गोष्ट विम्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. नेमकी चूक कोणत्या डॉक्टरची हे पक्कं सिद्ध झालं नाही तरी भरपाई अडत नाही, असं कोर्टाने म्हटलं. रुग्णालय सरकारचं, डॉक्टर सरकारचे नोकर, तेव्हा पैसे सरकारने द्यायचे. म्हणजे सरकारी डॉक्टरच्या मागे तिजोरी उभी असते. खाजगी डॉक्टरच्या मागे कोण? घर, शेत, बायकोचे दागिने आणि दवाखान्याचं कर्ज. ती मोकळी जागा भरायला विमा लागतो.

आता जरा लंडनला जाऊन येऊ, कारण ही कल्पना मुळात तिकडची. १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरवर बाई पेशंटने अतिप्रसंगाचा आरोप केला. त्याला शिक्षा झाली, आठ महिने तुरुंगात काढल्यावर तो निर्दोष असल्याचं मान्य होऊन सुटला. त्यातून डॉक्टरांनी वर्गणी काढून १८८५ मध्ये 'मेडिकल डिफेन्स युनियन' ही संस्था उभी केली. हेतू एकच, एकट्या डॉक्टरला कोर्टात एकटं पडू द्यायचं नाही. म्हणजे भिशीसारखाच प्रकार म्हणा ना. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, ज्याच्यावर वेळ येईल त्याला द्यायचं. पेशंटला भरपाई मिळावी हा विचार तिथे पहिला नव्हता. डॉक्टरचा बचाव हा पहिला होता. हे जन्मखुणेसारखं या विम्याला आजतागायत चिकटलेलं आहे. त्याकडे मी खाली येतो.

आपल्याकडे १ जानेवारी १९७३ पासून सगळा सर्वसाधारण विमा सरकारी झाला. शंभरावर कंपन्या एकत्र करून चार ठेवल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. पण दाव्याची भीतीच नसेल तर विमा घेणार कोण? ती भीती एका वेगळ्याच बाजूने आली, आणि त्या गोष्टीची सुरुवातही महाराष्ट्रातच आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत निघाली. वाणसामान एकत्र घेऊन वाटून घेणाऱ्या मध्यमवर्गीय घरांची ही चळवळ. पण ग्राहकालाही हक्क असतो हे बोलायची सवय तिने लावली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कोर्ट फीचा बोजा नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मंच जिल्ह्याच्याच ठिकाणी.

मग प्रश्न आला, पेशंट ग्राहक आहे का? डॉक्टर म्हणाले, आम्ही दुकानदार नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन सुप्रीम कोर्टात गेली. १३ नोव्हेंबर १९९५ ला निकाल लागला तो डॉक्टरांच्या विरोधात. पैसे घेऊन दिलेला उपचार ही 'सेवा' आहे, तिच्यात कसूर झाली तर ग्राहक मंचात जाता येईल. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतो ते दवाखाने यातून वगळले. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट तपासतात, तिथले फुकटवालेही ग्राहक धरले. आणि पेशंटचे पैसे विमा कंपनीने भरले असतील तरी ती फुकट सेवा होत नाही, हेही त्याच निकालात आहे.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? खाजगी दवाखान्यात पैसे भरून बिघडलं तर बुलढाण्याचा ग्राहक आयोग. सरकारी रुग्णालयात बिघडलं तर बहुतेक वेळा दिवाणी कोर्टाचा तोच लांबचा रस्ता, जो औरंगाबादच्या त्या नवऱ्याने तेहेतीस वर्षं तुडवला. सगळ्यात गरीब माणूस सगळ्यात लांबच्या रांगेत. मला हा १९९५ च्या निकालातला सगळ्यात टोचणारा भाग वाटतो.

पण खाजगी डॉक्टरांच्या जगात तो निकाल भूकंप होता. इन्डेम्निटी हा शब्द त्यांच्या बोलण्यात रुळला तो त्यानंतर. सरकारी कंपन्यांच्या पॉलिसी होत्याच, पुढे खाजगी कंपन्या आल्या, डॉक्टरांच्या संघटनेने स्वतःची संरक्षण योजनाही काढली.

लगेच पुढच्या वर्षी, १० मे १९९६ ला, मुंबईचा एक निकाल आला. ताप आलेल्या पस्तिशीतल्या माणसावर एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीचे उपचार केले. आधी व्हायरल म्हणून, मग टायफॉईड म्हणून. तो माणूस १४ जुलै १९९२ ला गेला. बायको लढली. राष्ट्रीय आयोगाने तिची तक्रार फेटाळली होती, सुप्रीम कोर्टाने मान्य केली आणि ३ लाख रुपये दिले. ज्या पॅथीचं शिक्षण नाही त्या पॅथीचं औषध देणं हीच हयगय, वेगळा पुरावा नको, असं कोर्टाचं म्हणणं.

हे वाचून आपल्या तालुक्यांतले दवाखाने डोळ्यांपुढे आले ना? उगाच कोणावर बोट ठेवत नाही. रात्री दोन वाजता खेड्यात दार उघडणारा डॉक्टर बहुतेक वेळा होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचाच असतो, तो नसता तर आपली अर्धी माणसं तालुक्याला पोचण्याआधीच गेली असती. होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आणला, त्यावरून ॲलोपॅथीवाल्यांशी भांडण आणि कोर्टबाजी चालूच आहे. माझा मुद्दा विम्याचा आहे. या पॉलिसींमध्ये कायद्याचं उल्लंघन करून केलेलं काम वगळलेलं असतं. म्हणजे ज्या डॉक्टरला धोका सगळ्यात जास्त, नेमका त्याच्याच दाव्यावर कंपनी हात वर करू शकते. हप्ता मात्र दरवर्षी घेते.

चौथा आकडा २०१३ चा. अमेरिकेत राहणारं एक डॉक्टर जोडपं नाही, नवरा डॉक्टर आणि बायको बालमानसतज्ज्ञ, १९९८ मध्ये सुट्टीला कोलकात्याला आलं. बायकोला अंगावर पुरळ उठलं, स्टेरॉईडचे जबर डोस दिले गेले, प्रकृती ढासळली. तिला मुंबईला ब्रीच कँडीत आणलं, तिथे २८ मे १९९८ ला ती गेली. नवऱ्याने कोलकात्याचं रुग्णालय आणि तिथल्या डॉक्टरांवर खटला भरला. २४ ऑक्टोबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने जवळपास ६ कोटी रुपये मंजूर केले, व्याज वेगळं. यातले तीन डॉक्टरांच्या वाट्याला १० लाख, १० लाख आणि ५ लाख आले. बाकी सगळं रुग्णालयावर.

तीन हजार, छत्तीस हजार, तीन लाख, सहा कोटी. महागाई धरली तरी ही चढण छोटी नाही. आयुष्याची किंमत वाढली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं कारण कोरडं आहे. भरपाई मोजताना माणसाची कमाई मोजतात. अमेरिकेत कमावणाऱ्या बाईचे कोटी होतात. आपल्याकडच्या सोयाबीन सोंगणाऱ्या बाईचे किती होतील याचा हिशेब तुम्हीच मांडा.

आता त्या खणातली पॉलिसी जरा उघडून पाहू. डॉक्टर मित्रांनो, इथे जरा थांबा.

समजा वर्षाची मर्यादा २० लाखांची आहे. बहुतेकांना वाटतं, एका केसला २० लाख मिळतील. पण खाली बारीक अक्षरांत एक प्रमाण असतं. ते १:४ असेल तर एका घटनेला जास्तीत जास्त ५ लाखच. वकिलाचा खर्चही अनेकदा त्याच रकमेतून जातो.

दुसरी गोम मोठी आहे. गाडीचा अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशीची पॉलिसी पाहतात. इथे तसं नाही. इथे दावा ज्या दिवशी आला त्या दिवशी पॉलिसी चालू लागते, आणि चूक ज्या दिवशी झाली तो दिवस पॉलिसीतल्या एका ठरलेल्या जुन्या तारखेनंतरचा लागतो. ऑपरेशन २०२२ चं, नोटीस २०२४ ला आली, आणि मधे एक वर्ष नूतनीकरण चुकलं, तर ती जुनी तारीख पुसली जाऊ शकते आणि कंपनी म्हणेल की आमचा संबंध नाही. प्रॅक्टिस बंद करून पुण्याला मुलाकडे राहायला गेलेल्या डॉक्टरांनी तर हे आधी पाहावं. दवाखाना बंद झाला तरी जुन्या कामाची जबाबदारी लगेच बंद होत नाही. पुढच्या काळासाठी मुदत वाढवून मागता येते, पण मागावी लागते.

तिसरी, दवाखान्याची पॉलिसी वेगळी आणि डॉक्टरची वेगळी. आपल्याकडे सिझेरियन असतं तेव्हा भूलतज्ज्ञ अकोल्याहून किंवा खामगावहून गाडीने येतो, काम करून पुढच्या गावाला जातो. काही बिघडलं तर नोटीस मात्र तिघांनाही जाते. भूलतज्ज्ञाचा विमा नसला तर? रुग्णालयाच्या पॉलिसीत बाहेरून येणारे डॉक्टर आहेत का? हे ऑपरेशनच्या आधी कोणी विचारत नाही.

आणि ग्राहक आयोगाची नोटीस आली की वेळ फार कमी. उत्तराला ३० दिवस, फार तर १५ दिवस वाढवून. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० ला पक्कं केलंय. गंमत म्हणजे त्या प्रकरणात एक विमा कंपनीच पक्षकार होती. नोटीस खणात ठेवून महिनाभर ओळखीच्या पुढाऱ्याकडे चकरा मारल्या तर उत्तराचा हक्कही जातो आणि उशिरा कळवलं म्हणून कंपनी खोडा घालते ती वेगळीच.

वर म्हटलं होतं तो मुद्दा आता. या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. कंपनीच्या बाजूने ती अट बरोबरच आहे. पण आपल्या गावांत तिचा परिणाम काय होतो ते पाहा. ज्या डॉक्टरने आजोबांना तपासलं, बापाला तपासलं, लग्नात येऊन आहेर दिला, तो पोरगी गेल्यावर अचानक तोंड उघडत नाही. त्याला वकिलाने सांगितलेलं असतं, काही बोलू नका. घरच्यांना वाटतं, हा लपवतोय. अर्धी दगडफेक त्या गप्प बसण्यातून येते, असं माझं निरीक्षण आहे. आणि मग रात्रीच्या तडजोडीत जे रोख पैसे जातात त्यातला एक रुपयाही कंपनी देत नाही, कारण संमती घेतलेली नसते. विमा असूनही डॉक्टर खिशातून देतो. पेशंटलाही कायद्याने जे मिळालं असतं त्याच्यापेक्षा बरंच कमी मिळतं.

कायद्याने काय मिळू शकतं तेही सांगून ठेवतो. २० जुलै २०२० पासून नवा ग्राहक कायदा लागू आहे. त्यात तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. म्हणजे उपचार संभाजीनगरला झाला असो की नागपूरला, जळगाव जामोदचा माणूस बुलढाण्याच्या आयोगात जाऊ शकतो. मोजदाद होते ती दिलेल्या पैशांवर, आणि ५० लाखांपर्यंत जिल्ह्यातच काम होतं. दिलेलं बिल ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मुदत २ वर्षांची. केसपेपर, बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट जपून ठेवा. ते नसतील तर भलेभले हरतात.

तुरुंगाचा विषय वेगळा. फौजदारी गुन्हा, दंड, दारू पिऊन केलेलं काम, यातलं काहीच विमा उचलत नाही. हेळसांड अगदी ढळढळीत असेल तरच डॉक्टरवर फौजदारी व्हावी, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २००५ मध्ये सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

आता माझं स्पष्ट मत. गाडीच्या तिसऱ्या पक्षाचा विमा या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. धोकादायक रसायनांच्या कारखान्यांना भोपाळनंतर, १९९१ च्या कायद्याने सक्ती झाली. म्हणजे लुना चालवणाऱ्याला सक्ती आहे, पोट उघडणाऱ्याला नाही. आणखी एक मौज ऐका. विमा विकणाऱ्या ब्रोकर कंपन्यांना मात्र नियामकाने हाच इन्डेम्निटी विमा सक्तीचा केलाय! ज्यांना हे सगळं आतून ठाऊक, त्यांनाच तो लागतो.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, सक्ती केली की फी वाढेल, आणि विमा आहे म्हटल्यावर केसेस वाढतील. पहिली गोष्ट खरी असेल. दुसरी मला पटत नाही. गाडीला विमा आहे म्हणून कोणी मुद्दाम गाडीखाली जात नाही. आणि केस आयोगात गेली तर ती निदान दगडाने लढली जात नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला, तो हवाच होता. पण हल्ला झाल्यावर काय करायचं ते तो सांगतो. घरच्यांना त्या रात्री कुठला दरवाजा ठोठवायचा हे कोण सांगणार? वाहन अपघातात जखमीचा वारस थेट विमा कंपनीला कोर्टात ओढतो, तो हक्क कायद्यात आहे. दवाखान्यात पेशंटला कंपनीचं नावसुद्धा माहीत नसतं. ग्राहक आयोगात कंपनीला पक्षकार करता येतं आणि अनेक आदेशांत कंपनीला पैसे भरायला लावलेले असतात, पण त्यासाठी पॉलिसी आहे हे आधी बाहेर यावं लागतं. म्हणून तक्रार करणाऱ्याने पहिल्याच अर्जात डॉक्टरकडे पॉलिसीचा तपशील मागावा.

डॉक्टर नसलेल्यांनी हसू नये. चिखलीच्या इंजिनिअरने काढलेल्या नकाशातला बीम उद्या तडकला, मलकापूरच्या कर सल्लागाराकडून जीएसटीची तारीख हुकून व्यापाऱ्याला दंड बसला, लॅबच्या रिपोर्टवर दुसऱ्याचंच नाव पडलं, तर नोटीस येणारच. बिल्डरवर तर रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची जबाबदारी टाकलीच आहे, आणि तो उद्या आपल्या इंजिनिअरकडे बोट दाखवणार. मी ओळखीच्या पाच-सहा जणांना विचारलं, दोघांनी हा विमा म्हणजे मेडिक्लेमच समजला होता.

वकील मात्र यातून सुटले. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. त्याच खंडपीठाने डॉक्टरांचा १९९५ चा निकालही पुन्हा तपासावा असं सुचवलं, तेव्हा डॉक्टरांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या खंडपीठाने ती गरज नाही असं सांगून विषय बंद केला. म्हणजे पेशंट ग्राहकच आहे.

जिल्ह्यातल्या डॉक्टर संघटनांना माझी एक विनंती आहे, आणि ही पोस्ट त्यांच्यापैकी बरेच जण वाचतात हे मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपली पॉलिसी घेऊन या आणि तीनच ओळी मोठ्याने वाचा: एका घटनेची मर्यादा, ती जुनी तारीख, आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचा उल्लेख. ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांची नावं बाहेर सांगू नका, पण आपसांत मोजा. आकडा किती निघाला ते मला कळवा, नावाशिवाय छापतो.